वळायचं नाही

माझी मावशी लहान विमानं उडवायला शिकवायची, आणि शिकवताना मारायची. मांडीवर लाकडी पट्टी ठेवूनच ती शिकाऊच्या शेजारी बसे. विमान जमिनीवरून उठलं की मुद्दाम इंजिनाचा जोर काढून घेई. ज्याचा हात विमान धावपट्टीकडे परत वळवायला जाई, त्याच्या बोटांवर पट्टी सपकन बसे. "इंजिन गेलं की नाकासमोर उतरायचं. मागे वळलास तर मेलास!" शिकाऊ कितीही बड्या घरचा असो, तिच्यापुढे त्याचं भिजलेलं मांजर व्हायचं.

काका, म्हणजे तिचे यजमान, इंजिन बंद पडल्यावर असेच मागे वळले होते. विमान वाचवायच्या हट्टापायी. खाली कुंपणाशी मावशी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "अहो, वळू नका! सरळ जा!" वरच्याला खालचं काय ऐकू येणार? विमान एका कुशीवर कोसळलं आणि तिच्या डोळ्यांदेखत पेटलं.

काका गेल्यावर काही वर्षांनी एके दिवशी शिकायला एक कारखानदार आला होता. विमान त्याचं स्वतःचं, नवं कोरं, त्यामुळे स्वारी बसल्या जागीच हवेत. "माझ्या विमानात पट्टी चालायची नाही, बाई," त्याने बजावलं. कधी नव्हे ते मावशीने ऐकलं. मी मागच्या सीटवर होतो.

झाडांचे शेंडे ओलांडले आणि इंजिन खाडकन फुटलं. समोरच्या काचेवर तेल उडालं, नाकावरचं पातं थांबलं. कारखानदाराने विमान धावपट्टीकडे वळवलं.

"पोचतो मी! नवं आहे हो विमान!"

पंख कलला. मावशीने कोपर त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडलेलं मला मागे ऐकू आलं. तरी तो सुकाणूचं चाक सोडेना.

"अहो, वळू नका!" ती किंचाळली आणि त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

त्याचा हात सुटला. तिने विमान सरळ केलं, समोरच्या नांगरलेल्या रानात घातलं. चाकं रुतली, बांधाला धडकून एक पंख उखडला, आणि आम्ही पालथे झालो. सीटच्या पट्ट्यांना उलटे लटकलो होतो. मावशीचा पाय पत्र्यात चेंगरला होता.

"पोलिसात देईन तुम्हाला! विमानाचं वाटोळं केलंत!" तो रक्त थुंकत ओरडला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

मावशीचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तोंडाला त्याचं रक्त, आणि मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहत होतो. त्याचा चावलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरून ती म्हणत होती,

"ऐकलंत हो. या वेळी ऐकलंत."