उंचावलेला मोनोपॉड

विज्ञानपटांच्या प्रशिक्षणवर्गासाठी मी पाठवलेल्या पहिल्या चित्रफितीवर निवड समितीचा शेरा एका ओळीचा होता: विषय चांगला, चित्रण अस्थिर, एकदा सुधारून पाठवावे. त्यातला 'एकदा' हा शब्द मला झोपू देत नव्हता. प्राणिशास्त्राची पदवी हाती होती, घरात स्थळांची चर्चा सुरू झाली होती, आणि मला जे काम करायचे होते त्याकडे जाणारा दुसरा रस्ता मला ठाऊक नव्हता.

विषय माझ्या अभ्यासातूनच आला होता. चालता कळप वळतो, तेव्हा ते वळण नेमके कोठून सुरू होते? पुढच्या मेंढीपासून, कडेच्या, की मधल्या एखाद्या दचकलेल्या मेंढीपासून? कळपासाठी मला फार दूर जावे लागणार नव्हते. माझे मामा मेंढरे राखतात आणि त्या हिवाळ्यात त्यांचा तळ बदनापूरच्या अलीकडे, कापूस उपटलेल्या एका रानात होता. खतासाठी शेतकरी रात्री शेतात मेंढरे बसवून घेतात. एका शेतातले काम संपले की तळ हलतो, आणि या खेपेला तो लांब हलणार होता. म्हणजे मुदत समितीचीही होती आणि मेंढरांचीही.

पहिल्या वेळी कॅमेरा मी हातात धरला होता. ढेकळांतून चालताना प्रत्येक पावलाचा हिसका चित्रात उतरला. तिपाई घेऊन कळपामागे धावता येत नाही. ड्रोनच्या घरघरीने मेंढरे उधळली असती, आणि उधळलेल्या कळपाच्या निरीक्षणाला काही अर्थ नसतो. उरला मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याला आधार देणारा एकच पाय. चालताना टेकवता येतो, लगेच उचलता येतो.

नवीन जालन्यातल्या दुकानात, लग्नाचे चित्रीकरण करणारी मंडळी जिथून सामान नेतात तिथे, मी दोन मोनोपॉड समोर ठेवून बराच वेळ उभी राहिले. एक जाड, जड, ॲल्युमिनियमचा. त्याच्या बुडाशी तीन छोटे पाय होते, त्यामुळे तो काही क्षण स्वतःच्या बळावर उभा राहायचा. दुसरा काळा, सडपातळ, कार्बन फायबरचा. त्याला पाय नव्हते, पण उघडल्यावर तो पहिल्यापेक्षा बराच लांब होई.

"ताई, लग्नाला जाडच नेतात सगळे," दुकानदार म्हणाला. "बिलकुल हलत न्हाई. नवरी हलंल, ह्यो न्हाई हलणार."

"मला चालत्या मेंढ्या घ्यायच्या आहेत."

 "मंग वरात म्हणा की. फक्त बँड न्हाई."

मी हसले नाही. मी मोबाइलमधले कंपन मोजणारे ॲप उघडले, मोबाइल आळीपाळीने दोन्ही मोनोपॉडवर बसवला आणि दुकानातल्या फरशीवर येरझारा घातल्या. जड मोनोपॉडची नोंद अधिक शांत होती. तरीही माझे मन काळ्याकडे ओढ घेत होते. कळपाची आकृती फक्त वरून दिसते, आणि हा डोक्यावर उंच धरला तर वळणाची सुरुवात टिपता येईल, असा माझा हिशेब होता. शेवटी उंची हा निकष मी स्थैर्याच्या वर ठेवला. गाडीच्या मागे आडवा बांधून तो घरी आणताना मात्र प्रत्येक खड्ड्यावर वाटत राहिले, की समितीने ज्या गोष्टीवर बोट ठेवले तीच मी दुय्यम ठरवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळावर पोहोचले तेव्हा मामी चुलीपाशी होती. माझ्या हातातली वस्तू पाहून तिने भाकरी तव्यावर टाकली आणि मामांना हाक मारली, "ओ, बघा तरी! इतकं शिकून शेवटी काठीच घेऊन आली."

"मामी, कॅमेऱ्याचा दांडा आहे हा."

"दांडा म्हण, न्हाईतर काय बी म्हण. तुझे मामा इतकी वर्षं तेच धरून राह्यले, त्यांचा फोटू कोण काढतंय?"

मामा मोनोपॉड हातात तोलून म्हणाले, "हलका हाय. पण बाभळीचा जोर न्हाई ह्याला." मग त्यांनी मेंढरांभोवतीची जाळी सोडली आणि कळप रानात उतरला.

सुरुवात माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली झाली. मोनोपॉड जमिनीला टेकवत, उचलत, मी कळपाच्या कडेने चालले. पडद्यावर चित्र स्थिर होते.  डाव्या हाताला दुसऱ्याचा हरभरा हिरवागार उभा होता, मामा त्या बाजूने चालत होते आणि कळप सरळ चालला होता. कळप वळायची जागा जवळ आली तसा मी मोनोपॉड पूर्ण लांब केला, खालचे टोक पोटाशी धरले आणि कॅमेरा वर नेला.

माझ्या बाजूची मेंढरे थबकली. पुढच्याच क्षणी अख्खा कळप माझ्यापासून दूर, डावीकडे फिरला आणि मामांच्या दोन्ही अंगांनी हरभऱ्यात घुसला.

"खाली कर! खाली कर ते!" मामा ओरडले. "अगं, वळवून कशाला राह्यली तू त्यांना?"

मी मोनोपॉड खाली टाकून धावले. मामीही तव्यावरची भाकरी सोडून धावत आली. मेंढरे बाहेर काढेपर्यंत बांधालगतचा हरभरा तुडवला गेला होता. शेतमालक लांबून येताना दिसला. मामा पुढे होऊन त्याच्याशी बोलले. बराच वेळ हातवारे झाले, आणि भरपाई म्हणून त्याच रात्री मेंढरे त्याच्या मोकळ्या पट्टीत बसवायची असे ठरले. मामा परत आले तेव्हा रागावलेले नव्हते, हे मला अधिक जड गेले.

"मामा, मी तर नुसता कॅमेरा वर केला."

"नुसता? आडवा तिरका करून, मनगट वळवून वर केला. लहानपणी तुला मीच शिकवलं न्हाई का, मेंढरं फिरवायची तर काठी कशी उचलायची?"

चित्रफीत पुन्हा पाहिली. कॅमेऱ्याची वर जातानाची वाट सरळ नव्हती. ती तिरकी कमान होती. सुट्ट्यांमध्ये या तळांवर राहून माझ्या हाताने उचललेली ती सवय होती. शहरातल्या कोणी हाच मोनोपॉड उचलला असता तर कदाचित सरळ उचलला असता. कळपाचे वळण कोठून सुरू होते हे शोधायला मी आले होते, आणि माझ्या चित्रात ते माझ्या खांद्यापासून सुरू झाले होते. तळ हलायला आता एकच सकाळ उरली होती.

त्या सकाळी मी जाळी सुटण्याआधीच मोकळ्या रानात जाऊन थांबले. मोनोपॉड आधीच सरळ, उंच, आणि त्याचे बूड जमिनीत रोवलेले. माझे गृहीतक साधे होते: मेंढरांना उंचीचे भय नाही, उचलण्याचे आहे. ते चुकले असते तर दुसरा प्रयोग करायला कळप राहणार नव्हता. हात कापू नये म्हणून मी दोन्ही कोपर बरगड्यांना आवळले. मेंढरे आली, पहिल्या दोघी-तिघींनी मान वर करून पाहिले, आणि कळप माझ्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. पुढे बाभळीपाशी तो आपल्या मनाने वळला. सुरुवात कडेच्या एका म्हाताऱ्या मेंढीपासून झाली होती.

संकलन करताना खरी चिंता सुरू झाली. आदल्या दिवसाचा तुकडा वगळला, तर चित्रपट स्वच्छ दिसत होता. ठेवला, तर माझी चूक आणि चित्रातली धांदल, दोन्ही समितीपुढे जाणार होते. आणि अस्थिरतेवरूनच त्यांनी मला एकदा परत पाठवले होते. पण तो तुकडा नसेल, तर मी कॅमेरा आधीच का रोवला, याचे कारणच उरत नव्हते. तो ठेवला. पाठवल्यानंतर लगेच पस्तावले.

मुलाखत ऑनलाइन, संगणकाच्या पडद्यावर झाली. मोनोपॉडबद्दल, फ्रेमबद्दल कोणी काही विचारले नाही. एका बाईंनी सरळ तोच तुकडा लावला. "इथे मेंढ्या अचानक का फिरल्या?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले, आणि हात कसा वर गेला, तो सरळ का गेला नाही, दुसऱ्या दिवशी काय बदलले, हे सांगत गेले.  मध्येच मी पाणी प्यायले आणि पुन्हा सांगू लागले.

माझे बोलणे संपल्यावर त्यांनी आवाज बंद केला. पडद्यावर ओठ हलत होते, कोणीतरी मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे चौकट लहान असल्यामुळे कळेना.  मग आवाज परत आला.

"तुम्ही जालन्याहून याल, नाही का?" त्या बाई म्हणाल्या. "राहायची सोय आम्हाला बघावी लागेल का?"