दोन म्हणजे दोन

मल्लेश्वरममधल्या खोलीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगावर चापूनचोपून नेसलेली सुती साडी आणि हातात एक कागद. कागदावर निळ्या शाईत बुटाचा तळवा उमटवलेला.

"हा माझा डावा पाय," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत जपून ठेव. मी हरवले तर चिखलात हाच शोधायचा."

सांगलीहून नोकरीसाठी आलेल्या मला बेंगळुरूत भेटलेलं हे पहिलं मराठी माणूस. मी कागद घेतला.

या पद्माक्कांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मराठी बोलता बोलता त्या "स्वल्प थांब गं" म्हणायच्या आणि फोन ठेवताना "सरी", म्हणजे ठीक आहे. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या सकलेशपूरच्या पुढच्या डोंगरांत नेचे शोधत हिंडू लागल्या, वनखात्याची परवानगी काढून आणि एकट्या. घाबरत नाही का, असं मी एकदा विचारलं. "घाबरते की! म्हणून तर तुला कागद देते. बरोबर कोणी असलं की बोलावं लागतं, आणि बोलताना खाली बघायचं राहतं. नेचे खालीच असतात."

बुटाच्या ठशाच्या मागे सगळं लिहिलेलं असे. यशवंतपूरहून कुठली गाडी, कुठल्या वाटेनं चढणार, कुठून उतरणार, अंगावर कुठल्या रंगाचा सदरा. दुसरी प्रत डोंगराच्या पायथ्याला तिम्मप्पाकडे. त्याच्या घरी त्या मुक्काम करत. एकदा लिहिलेली वाट त्या कधी बदलत नसत, पलीकडे कितीही सुंदर काही दिसलं तरी. वर एका खडकाजवळ फोन लागायचा, तिथून एका शब्दाचा निरोप यायचा: "सरी". मग बॅटरी वाचवायला फोन बंद. खाली उतरल्यावर दुसरा फोन, दुपारी दोनच्या आत. "दोनला आला नाही तर तिम्मप्पाला कळवायचं. माझी भीड धरायची नाही, दोन म्हणजे दोन."

चार-पाच वेळा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग तो रविवार आला.

सकाळी "सरी" आलं होतं. दोन वाजले, फोन आला नाही. मी लावून पाहिला, बंद. वाटलं, एखाद्या झाडापाशी रमल्या असतील. अडीच झाले. मी उगाच गडबड केली, चार माणसं कामं सोडून धावली आणि समोरून पद्माक्का हसत उतरल्या तर? मी कपडे वाळत घातले. तीन वाजता पुन्हा फोन लावला. शेवटी चार वाजता मोडक्यातोडक्या कानडीत तिम्मप्पाला सांगितलं, अक्का आल्या नाहीत. तो कॉफीच्या मळ्यात होता. त्यानं वेळ विचारली नाही, काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "आता निघतो."

तो तीन माणसं आणि दोर घेऊन वर गेला. ओढ्याच्या अलीकडे वाट फुटते, तिथल्या चिखलात त्याला डाव्या बुटाचा ठसा दिसला. पुढे अक्कांची शिट्टी ऐकू आली. साडेसहाला माझा फोन वाजला आणि तो ओरडला, "सिक्रु! अक्का सिक्रु!" सापडल्या. मी जिन्यातच बसले.

ओढा ओलांडताना घसरून त्यांचा घोटा मोडला होता. दोन दिवसांनी पायाला प्लास्टर घालून त्या घरी आल्या. मी कॉफी घेऊन गेले.

"दोनला फोन केलास ना?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. मग कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला रडूच फुटलं. "नाही अक्का, चार वाजले होते. मला वाटलं, उगाच…"

"तिम्मप्पानं सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "अय्यो, रडतेस काय? आरामात बसले होते झाडाखाली. पण पुढच्या वेळी दोन म्हणजे दोन."

पुढच्या वेळी! पाय बरा झाल्यावर त्यांचे बसवनगुडीचे भाऊ समजूत घालायला आले. निदान कागद तरी दुसऱ्या कुणा जबाबदार माणसाला दे, म्हणाले. पद्माक्कांनी त्यांच्यासमोर मला हाक मारली आणि नवा ठसा माझ्या हातात ठेवला. "हिला दोन तासांची किंमत कळली आहे, अण्णा. दुसऱ्याला ती मी कुठून शिकवू?"

त्यानंतर त्या तीनदा जाऊन आल्या. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत पद्माक्का घरच्या पलंगावरच वारल्या.

तेराव्याला तिम्मप्पा आला. एव्हाना मला कानडी बरी येत होती. जेवणं झाल्यावर व्हरांड्यात बसून तो त्या रविवारबद्दल बोलू लागला. अक्का झाडाखाली नव्हत्याच. तीनच्या सुमाराला वर डोंगरात पाऊस झाला आणि ओढा फुगला. तो आणि त्याची माणसं पोचली तेव्हा त्या कमरेएवढ्या पाण्यात एक मुळी धरून होत्या, बोटं काळीनिळी पडलेली. आणखी अर्धा तास काही त्यांना जमलं नसतं.

"मला कधी बोलल्या नाहीत," मी म्हणाले.

"मलाही शपथ घातली होती. म्हणाल्या, तिला सांगू नको. सांगितलंस तर यापुढे मी गाडीत बसायच्या आधीच ती तुला फोन करेल."

मला हसू आलं. बसलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. हसू थांबेना, तशी मी उठले आणि मागच्या अंगणात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळानं तिम्मप्पा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला.