शर्टातले फादर

चार वाजता चहाला येतो म्हणालेला माणूस साडेपाच झाले तरी आला नाही, म्हणून चिडूनच मी फोन लावला. उचलला एका अनोळखी बाईने. "अहो, हा फोन ज्यांचा आहे, त्यांच्या आपण कोण?" मी म्हटलं, धाकटी बहीण. ती नर्स होती. स्वारगेटच्या स्टॉपवर कोसळलेल्या माझ्या भावाला लोकांनी दोन तासांपूर्वी तिच्या हॉस्पिटलात आणलं होतं आणि कागदावर लिहिलं होतं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं… चाळीस वर्षं याच शहरात फादर असलेला माणूस अनोळखी म्हणून गेला. सव्वा महिना झाला, मला धड झोप नाही.

पास्कलदादा फादर झाला तेव्हा आमच्या आईची मोठी पंचाईत झाली. तो पांढऱ्या झग्यात आला की ती उठून उभी राहायची, "बसा फादर" म्हणायची. शर्टात आला की, "पास्क्या, मंडईतून मेथी आणलीस का?" त्याला दोन्ही आवडायचं. पण बाहेर पडताना झगा हवाच. तरुण फादर टी-शर्टात फिरतात, खराडीच्या आयटी कंपनीतून सुटल्यासारखे दिसतात. दादा त्यांना कधी नावं ठेवत नसे. खरं तर झग्याचा त्याला त्रासच होता. बसमध्ये शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "फादर, मुलीच्या ॲडमिशनचं काही होईल का?" मी एकदा म्हटलं, "नुसता शर्ट घाल, निवांत प्रवास होईल." तर म्हणाला, "निवांत प्रवासासाठी फादर कशाला व्हायचं, बेबी? रस्त्यात एखादा शेवटच्या घटका मोजत असला आणि त्याला फादर हवा असला, तर त्याने मला ओळखायचं कसं?"

गेल्या वर्षी बसमध्ये दोघा-तिघांनी त्याला घेरलं. "आज कुणाला बाटवायला निघालात?" म्हणत झग्याची बाही ओढली, ती खांद्यापाशी उसवली. बाकीचे सगळे खिडकीबाहेर बघत बसले. दादा हे हसत सांगत होता. मी हट्टालाच पेटले, यापुढे झगा घालून बाहेर पडायचं नाही. रडले, अबोला धरला, शेवटी आईची शपथ घातली. तो म्हणाला, "तुझी भीती खोटी नाही गं. पण ती मी अंगावर घालून फिरायची का?" तरीही त्याने ऐकलं. पुढच्या रविवारी चौकड्यांचा शर्ट घालून आला. मी जिंकले होते, म्हणून शिरा केला.

त्याला माती दिल्यावर आठवड्याने मी त्याच्या वस्तू आणायला गेले. नर्स तीच होती. कंगवा, बसचा पास आणि अंगठ्याएवढी पितळेची डबी. "ही त्यांची बामची डबी," ती म्हणाली. "बोलता येत नव्हतं, सारखे खिशाकडे बोट दाखवत होते. मी कपाळाला लावलं. मग माझा हात धरून स्वतःच्या तळहाताकडे नेला, म्हणून दोन्ही तळव्यांनाही चोळलं. वास मात्र काहीच नव्हता हो त्याला."

ते बाम नव्हतं. आमच्यात आजाऱ्याला, मरणाऱ्याला पवित्र तेल लावतात, कपाळाला आणि तळहातांना. ते प्रार्थना म्हणत फादरनेच लावायचं असतं. दादाने जन्मभर ते दुसऱ्यांना लावलं. अंगावर झगा असता तर कुणीतरी दहा मिनिटांत चर्चमधून फादर बोलावून आणले असते. आमच्या चर्चच्या फादरांना मी विचारलं, नर्सने लावलेलं धरतात का? "नियमाने नाही," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

डबी आता माझ्या टेबलावर असते. ती चर्चला परत द्यायला हवी, पण हातून सुटत नाही. आतल्या कापसाला अजून ओल आहे. आपण काय केलं, हे त्या नर्सला कळायलाच हवं. तेवढ्यासाठी दोनदा स्वारगेटपर्यंत गेले आणि तशीच परत आले. कारण सगळं ऐकून झालं की ती विचारणारच, "मग त्या दिवशी ते साध्या शर्टात का होते?"