देव पाण्यात, पोर बंदरात

हेरंबचं जहाज पकडल्याचा फोन आला, तशी दांडिया बाजारातल्या शालिनीताईंनी देवघरातला पितळी गणपती उचलला आणि तपेलीभर पाण्यात बुडवून ठेवला. "माझं पोर सुटेपर्यंत तूही कोंडलेला," असं त्याला बजावून. रोज सकाळी पाणी बदलायचं, देवाला मात्र बाहेर काढायचं नाही. सासूबाईंकडून आलेली रीत.

हेरंब जहाजाच्या इंजिनावर कामाला. ते जहाज मासेमारी बोटींना भर समुद्रात तेल द्यायचं. आमच्या हद्दीत का दिलंत, म्हणून एका परक्या देशानं ते बंदरात अडकवलं. माणसांना खाली उतरायची बंदी.

वरच्या मजल्यावरचे भास्करराव, निवृत्त वकील, समजावायला यायचे. "वहिनी, जर्मनीत समुद्राचं कोर्ट आहे. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, तो देश तिथे अर्ज करणार."

"आणि आपला देश?"

"झेंडा आपला नाही ना."

"पोरगा आपला आहे की!"

भास्करराव चष्मा पुसत बसले.

निकाल लागला. जामीन भरला की जहाज आणि माणसं सोडा. जामीन भरलाही गेला. शालिनीताईंनी गणपती बाहेर काढला, कोरडा केला, लाल वस्त्र घातलं आणि शेजारच्या कांचनबेनपासून नाक्यापर्यंत पेढे वाटले.

हेरंब काही येईना. तिथला अधिकारी म्हणे, वरून हुकूम नाही.

"आपल्याकडे निकाल लागला की बेलीफ जातो ना दारात?" शालिनीताईंनी भास्कररावांना विचारलं.

"जातो."

"मग त्या कोर्टानंही धाडावा की एखादा."

"त्याच्याकडे बेलीफ नाही, वहिनी. निकाल बंधनकारक आहे, पण पाळायचा त्या देशानंच. आता पुन्हा लिहायचं, पुन्हा दबाव आणायचा."

"म्हणजे ज्यानं कोंडलं, किल्लीही त्याच्याचकडे."

जिन्यात कांचनबेननी टोकलंच, "शालिनीबेन, पेंडा तो खवाई गया, छोकरो क्यां?"

पेढे खाऊन झाले, पोराचा पत्ता नाही. देव काढायची घाई झाली, हे शालिनीताईंच्या मनातून जाईना. पोराचं तोंड बघायच्या आधीच त्यांनी देवाला मोकळं केलं होतं. त्यांनी पुन्हा तपेली भरली, गणपतीचं वस्त्र उतरवलं, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, काय करतेस?"

"देव परत पाण्यात ठेवतेय."

हेरंब म्हणाला, "नको गं. इथे चहूकडे पाणीच बघतोय मी. घरात एक जण तरी कोरडा राहू दे."

त्यांनी गणपती पुन्हा देवघरात ठेवला. तपेली मात्र ओतली नाही. काठोकाठ भरलेली, तशीच शेजारी राहू दिली.