कळमन्याच्या शीतगृहातला चक्का

नागपूर स्टेशनवर उतरले, तेव्हा मे महिन्याच्या उन्हानं सकाळीच फलाट तापला होता. माझी मैत्रीण कुसुम हिच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. त्यासाठीच मी साताऱ्याहून आले होते. कुसुमनं पन्हं पुढं केलं, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. श्रीखंडाचा चक्का कळमना बाजारातल्या शीतगृहात ठेवला होता आणि तिथलं यंत्र बंद पडल्याचा निरोप नुकताच आला होता.

कुसुम, तिचे दीर देवराव आणि मी रिक्षानं कळमन्याला गेलो. शीतगृहाचं जाड दार उघडलं, तर आतून कोंदट ऊब अंगावर आली. यंत्राच्या नळीतला, थंडावा आणणारा गॅस गळून गेला होता. तो नागपुरात मिळत नव्हता. मुंबईहून कधी येईल, कोणी सांगेना. यंत्र केव्हापासून बंद आहे, हेही रखवालदाराला ठाऊक नव्हतं.

चक्का इथं ठेवायची सोय देवरावांनीच केली होती. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डबा उघडून हुंगला.

“वहिनी, वास तं चांगला येऊन राहिला. काहून फेकता?” असं म्हणत त्यांनी मूठभर चक्का खाल्लासुद्धा.

कुसुमनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “पंगतीत लेकरं बसतीन, भाऊजी. मी नाही वाढत.”

बाजारामागं खड्डा खणून तिनं सगळा चक्का पुरायला लावला.

संध्याकाळी देवरावांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. तिथून कुसुम तडक वऱ्हाड उतरलेल्या जानवशावर गेली. मी सोबत होते. भिवापूरहून आलेल्या विहीणबाईंना तिनं काही न लपवता सांगितलं. मागं कुजबुज झाली.

“मंग उद्या काय वाढता?” विहीणबाईंनी विचारलं.

“वडाभात.” (भातावर डाळीचे वडे कुस्करून फोडणीचं तेल घालतात.)

“तेल सढळ हातानं वाढजा,” त्या म्हणाल्या.

लग्न लागल्यावर नवरी त्याच शालूत दवाखान्यात काकांच्या पाया पडायला गेली. देवराव क्षीण आवाजात कुसुमला म्हणाले, “तुमी माहं ऐकलं नाही, बरं झालं.”

साताऱ्याला परतले, तेव्हा स्वयंपाकघरात फ्रीज नेहमीसारखा घुमत होता. त्या आवाजावर मी इतकी वर्षं निर्धास्त होते. मुलांना दूध ओतण्याआधी मी पातेलं नाकाशी नेलं; मग देवरावांनी हुंगलेला डबा आठवला आणि ते दूध पुन्हा उकळायला ठेवलं.