टोचलेल्या कागदावरची अक्षरं

मी बोर्ड रंगवणारा माणूस. शाळा तिसरीपर्यंत. वर्ध्यात आणि आजूबाजूच्या गावांत चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड, शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या रंगवल्या. तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकानं निवडलेला रंग भिकार असला तर त्याच्या तोंडावर भिकार म्हणायचो. एकच गोष्ट कधी कोणाला बोललो नाही, आणि आता बोलायला जातो तर कोणी ऐकत नाही.

ती गोष्ट म्हणजे, अक्षरं माझी नव्हतीच. बायकोची होती.

ती सातवी शिकलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी घरीच एका पिठाच्या गिरणीचा बोर्ड करत होतो. शेवटचं अक्षर पत्र्यावर मावेना. तिनं पाहिलं अन् म्हणाली, "अक्षरं लिवली का बैलं बांधली? शेवटचा तर दावं तोडून पळून राह्यला." मला राग आला. म्हटलं, तूच करून दाखव.

भाकरी थापून झाल्या तशी तिनं खाकी कागद जमिनीवर पसरला. पेन्सिलीनं अक्षरं काढली. मग गोधडीची सुई घेऊन रेघेरेघेनं भोकं टोचत गेली. तो कागद पत्र्यावर धरून मी वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली. कागद उचलला, तर पत्र्यावर बारीक काळ्या ठिपक्यांची अक्षरं उभी. मी फक्त आत रंग भरला. गिरणीवाला म्हणाला, हात आहे बाप्पा तुमच्यात.

तेव्हापासून तसंच. पोरगा शाळेत गेला की ती कागद टोचायची, मी घडी करून पिशवीत टाकायचो. काम झालं की कागद चुलीत. जाळायचं तिनं नाही सांगितलं, मी सांगितलं. बायकोच्या अक्षरावर पेंटर झाला म्हणतील, याची मला लाज होती. ती म्हणायची, "जाळा बाप्पा. ब्रश तर तुमच्याच हातात असते." हसून म्हणायची. पण कागद पुरता जळेपर्यंत चुलीपुढून उठायची नाही. ते मला तेव्हाही दिसत होतं.

ती जाऊन दीड वर्ष झालं. बोर्डांचं काम त्याआधीच फ्लेक्सनं खाल्लं होतं. मी वर्ध्यालगतच्या सिंदी मेघ्यातल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचो. सून फ्लेक्सच्याच दुकानात कॉम्प्युटरवर काम करते. पोरगी चांगली आहे, म्हणून तर पंचाईत. एक दिवस म्हणाली, "बाबा, तुमच्या अक्षरांचा फॉन्ट बनवू."

"तो कायले?"

"कॉम्प्युटरमधी तुमची अक्षरं राहतीन. कोणी टाइप केलं का तुमच्या हातचंच उमटन."

"काही गरज नाई."

"गरज कशी नाई? मी सगळ्याइले सांगून टाकलं."

मग दर रविवारी ती स्कूटीवर मागे बसवून मला नेऊ लागली. पवनारच्या रस्त्यावरचं सायकलचं दुकान, एक बंद रसवंती, एका शाळेची भिंत. जिथे जुना बोर्ड टिकला होता तिथे तिनं फोटो काढले. बरीचशी अक्षरं मिळाली. चौदा नाही मिळाली. ती तिनं यादी करून माझ्यापुढे ठेवली, सोबत कोरा कागद अन् पेन्सिल.

"एवढी काढून द्या, बाबा."

तीन दिवस मी त्या कागदापुढे बसलो. ढ काढला तर कढई लवंडल्यासारखा झाला. सून म्हणाली, "हात थरथरून राह्यला तुमचा."

"थरथरत नाई. मले येतच नाई."

"आई गेल्यापासून तुमचं मनच नाई राह्यलं कशात," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

चौथ्या दिवशी तिनं मला दुकानात नेलं. पडद्यावर हा एवढा मोठा म. आणि त्याच्या कडेकडेनं ठिपके. मी खुर्ची पुढे ओढली.

"हे ठिपके काऊन?"

"याले धरूनच रेघ वळते. गोलाईवर जितके कमी, तितकी रेघ साफ."

"तुझी सासू गोलाईवर जास्त टोचायची," मी म्हटलं.

मग थांबलोच नाही. कागद, सुई, पुरचुंडी, चूल, माझी लाज, सगळं सांगितलं. तिचा हात माउसवर तसाच राहिला, डोळे भरले. मला वाटलं, सुटलो.

"किती जीव होता तुमचा आईवर," ती म्हणाली. "बरं, फॉन्टले आईचंच नाव देऊ."

"नावाचं नाई म्हणत मी. अक्षरं तिनं काढली."

"हो ना बाबा. तुमचं अन् आईचं काय वेगळं होतं का?"

पुलगावला नोकरीवर असलेल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "आईच्या हातात कधी पेन्सिल नाई पाह्यली मी." कशी पाहील? त्याला शाळेत पाठवून आम्ही कागद पसरायचो. घरी येऊन मी ट्रंक उपसली, साड्यांच्या घड्या सोडल्या. एक टोचलेला चिटोरा सापडला नाही. तिनं माझं सांगणं नीट पाळलं होतं.

ती चौदा अक्षरं सुनेनं इतर अक्षरांचे तुकडे जोडून केली. बायकोनं पास केली नसती.

फॉन्टला बायकोचं नाव लागलं. शेजारचे पेढे घेऊन आले. एक मास्तर म्हणाले, "काका, ताजमहाल बांधला की तुम्ही!" त्यांची बायको म्हणाली, "शिका काही. मले तर घराच्या पाटीवरही नाई घेतलं तुम्ही." सगळे हसले. मी म्हटलं, अहो, अक्षरं खरंच तिची होती. तर कोणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

जितकं सांगतो तितका मी चांगला नवरा होत जातो. आयुष्यभर तिचं घेतलं, आणि आता परत द्यायला गेलो तर त्याचं कौतुकही मलाच मिळतं. ती मात्र होती तिथेच, चुलीपुढे.

म्हणून हे लिहिलं. आठ पानं, माझ्या हातानं. वाटलं, बोललेलं ऐकत नाहीत, निदान माझं अक्षर पाहतील. ज्याचं असं गिचमिड अक्षर, त्याचे ते बोर्ड कसे असतील?

आज सकाळी सुनेनं पहिलं पान वाचलं, पदरानं डोळे पुसले. "मस्त लिवलं बाबा. दुकानात आईच्याच फॉन्टमधी टाइप करून आणतो मी."

"टाइप करू नको. असंच राहू दे, वाकडं."

"वाकडं कोण वाचते, बाबा?" ती म्हणाली, आणि पानं पर्समध्ये घालून निघाली.