बैलाच्या कपाळावरचं लव्हेंडर

डिंगोऱ्याच्या शिवारात माझा थोरला भाऊ ओरडला की तिकडं ओझरच्या देवळातली घंटा आपोआप हलायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. घंटा हलताना मी पाहिलेली नाही, पण ती हलली नाही असं छातीठोक सांगणाराही मला अजून भेटलेला नाही. आवाज आमच्या घराण्यातच आहे. मी तो माईकवर खर्च केला, दादानं माणसांवर, एवढाच फरक. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटाच्या, म्हणजे गाडे धावायच्या चढाच्या, माथ्यावर बसायचं, प्रत्येक गाड्याची पाळी, म्हणजे बारी, पुकारायची आणि गाडा सुटला की ‘भिर्रर्र’ करून पब्लिक उठवायचं, हे माझं काम. शर्यतींवर बंदी येण्याआधीचे ते दिवस. जुन्नर-आंबेगावातली एकही जत्रा माझ्यावाचून झाली नाही, आणि झाली असेल तर ती जत्रा नव्हे, बाजार.

दादाचा एक बैल होता. पांढराशुभ्र आणि इतका उंच, की त्याच्या पाठीवरच्या बगळ्याला शिवनेरी सपाट दिसायचा. दादाचा जीव त्या बैलात आणि बैलाचा जीव पेंडीत. पण जत्रा जवळ आली की दादाची झोप उडायची. मग तो चहावर ओरडायचा, पंपाच्या मोटारीवर ओरडायचा, वाऱ्यावर ओरडायचा. त्या साली आमच्या उसात बिबट्या शिरला होता. वनखात्यानं पिंजरा लावला, आत शेळी बांधली. बिबट्या शेळीकडं ढुंकूनही बघेना. एका सकाळी दादा बांधावर उभा राहून मोटारीला शिव्या द्यायला लागला, तसा बिबट्या मुकाट्यानं पिंजऱ्यात गेला. शेळी सांगत होती, की त्यानं दार आतून ओढून घेतलं.

त्याच आठवड्यात दादा त्याच बांधावर चक्कर येऊन बसला. जुन्नरच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रक्तदाबाचा काटा बघितला आणि त्यांचाच चेहरा उतरला. हे डॉक्टर गाड्यांचे मोठे शौकीन. “गोळ्या देतो,” ते म्हणाले, “पण एकटी गोळी काय करील? डोकं शांत ठेवा, झोपा. नाहीतर एखाद्या दिवशी घाटातच आडवे व्हाल.”

वहिनीनं घरी आल्याबरोबर मला परसात बोलावलं.

“भावजी, जत्रंपतूर ह्यांचं डोकं थंड झालं तर बैल दावणीला ऱ्हाईल. न्हाईतर शिनोलीचं पावणं बैल इकत घ्याया जत्रंत दावं घेऊन येणारेत. तितनंच बैल घेऊन जातील. शबुद दिलाय मी.”

“वहिनी, बैल गेला तर दादाचं काय व्हईल?”

“आन नाय गेला तर? बैल दुसरा मिळंल. ह्यो मानूस कुटं मिळायचा मला?”

मी पार डोकं खाजवलं. मला उपाय सुचला नाही म्हणजे जगात कुणालाच सुचला नसता.

पण माझ्या बायकोकडं उपाय होता. तिचं जुन्नरला ब्युटी पार्लर. त्याच्या आदल्या वर्षी ती पुण्याला जाऊन अरोमाथेरपीचा कोर्स करून आली होती. लव्हेंडर, गवती चहाचं तेल, वाळ्याचं तेल अशा बारक्या बाटल्यांची एक पेटीच तिच्याकडं होती. ती थेंब-थेंब तिळाच्या तेलात मिसळायची आणि बायकांची डोकी, खांदे, तळपाय चोळायची. भांडून आलेल्या सासवा-सुना तिच्या पार्लरातून एका रिक्षात बसून घरी जायच्या. हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

दादाला मी ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, “वास घेऊन मानूस बरा व्हतो व्हय? मग आमच्या गोठ्यात तर कुनी आजारीच पडाया नको!”

खरी अडचण मात्र वेगळीच होती. आमच्याकडं धाकटी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. पदर सावरून आडून बोलायचं, तेही मोजकं. मग कपाळाला हात लावणं तर लांबच! निम्म्या बाजारपेठेच्या बायकांची डोकी जिच्या हाताखालून गेली, तिला नेमकं हेच एक डोकं वर्ज्य.

दोन दिवस ती बाटल्या हुंगत, थेंब मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटीत तेल घेऊन ती तडक गोठ्यात गेली. दादा दावणीशेजारी बाजेवर बसला होता, मी त्याच्या पायाशी. त्याच्याकडं पाठ करून ती बैलासमोर उभी राहिली, त्याच्या कपाळावर तेल लावलं आणि अंगठ्यांनी हळूहळू चोळायला लागली.

“डोळे मीट,” ती बैलाला म्हणाली. “श्वास आत घे. सावकाश. आता सोड.”

बैलानं असा काही श्वास सोडला की कोपऱ्यातला कडबा उडाला.

दादा माझ्याकडं वळला. “तुझ्या बायकूला म्हनावं, बैलाला योगा शिकिवती का?”

“आणि दिवस मावळल्यावर चहा बंद,” ती बैलाच्या कानात म्हणाली.

“बैल कवा च्या प्यायला गं?” दादा गोठ्याच्या खांबाला म्हणाला.

“म्हणून तर तो झोपतो,” तिनं बैलाला सांगितलं.

वहिनी दारात पदर तोंडात धरून उभी होती. दादा बाजेवरून उठला मात्र नाही. बैलाचे डोळे मिटत आले होते, खालचा ओठ लोंबायला लागला होता. लव्हेंडरचा आणि वाळ्याचा वास साऱ्या गोठ्यात भरला होता. थोड्या वेळानं दादा पुटपुटला, “वाईच मला बी लाव.”

आता दादाला तेल लावणार कोण? तर मी. बायकोनं मला अंगठा कुठं ठेवायचा, दाब किती द्यायचा, सगळं बैलावर करून दाखवलं. हात माझा पटकन बसला. आवाज बसेना. “श्वास आत घे!” असं मी पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या लोकांनीही घेतला.

“ही बारी नाही,” बायको म्हणाली. “कुजबुजा.”

जन्मल्यापासून मी कधी कुजबुजलो नव्हतो. पण शिकलो. मग रोज संध्याकाळी आमचा तोच नेम झाला. बायको बैलाचं कपाळ धरायची, मी दादाचं. मी हळू आवाजात म्हणायचो, “श्वास आत घे... सावकाश... आता सोड,” आणि दोघंही घ्यायचे, दोघंही सोडायचे. दादाला तिखट जेवण, रात्रीची तंबाखू, जेवताना भाऊबंदकीचा विषय हे सगळं बायकोनं बैलामार्फत बंद केलं. एकदा दादा म्हणाला, की आता बरं वाटतंय तर गोळ्या कशाला? तेव्हा ती बैलाला म्हणाली, “गोळी सुटली तर तेलही सुटेल. वासानं मन हलकं होतं, औषधाचं काम औषधच करतं.” दादानं गुपचूप गोळी घेतली.

आणि दादा झोपायला लागला. इतका गाढ, की पहाटे कोंबडा आरवायचं सोडून आधी त्याच्या नाकापुढं पंख धरून बघायचा. मोटारीशीसुद्धा तो गोडीनं बोलायला लागला आणि मोटार घाबरून पहिल्या झटक्याला चालू व्हायला लागली.

वहिनीचा मात्र अजून विश्वास बसला नव्हता. “घरी वाघ बी गरीब असतूया,” ती म्हणायची. “घाटात बघू.”

जत्रेचा दिवस आला. ऊन असं, की भेळवाल्याला चुरमुरे भट्टीत घालायची गरज नव्हती. मी माथ्यावर माईक घेऊन बसलो. खाली, गाडा सुटतो तिथं, दादा बैलाजवळ. एका कडेला डॉक्टरांची जीप. जीपच्या सावलीत वहिनी, माझी बायको आणि खांद्यावर नवंकोरं दावं टाकलेले शिनोलीचे पावणे.

आमची बारी आली आणि खोळंबली. बैलांना वाट दाखवायला पुढं धावणारी घोडी तोंड फिरवायची, जुंपलेले बैल मागं सरायचे. पब्लिकमधून कुणीतरी ओरडलं, “आरं डिंगोरंकर, बैल आनलाय का फोटू?” हशा पिकला. माझी नजर घारीची. एवढ्या लांबून मला दादाच्या मानेवरची शीर फुगलेली दिसली. डॉक्टरही उभे राहिले. दादानं छाती भरून घेतली. आता ओझरची घंटा तुटणार!

मी काय केलं? हातात माईक होता, तोंडात सवय. मी कुजबुजलो, “श्वास आत घे... सावकाश... आता सोड.”

माईकवरची कुजबूज. घाटभर लावलेल्या कर्ण्यांतून ती वाळ्याच्या वासासारखी पसरली. आणि नेमका त्याच क्षणी गाडा सुटला.

सुरुवात तर गोळीसारखी झाली. पण कर्ण्यातला माझा आवाज बैलाच्या कानात शिरला होता. त्याचं पळणं दुडकीवर आलं, दुडकी चालीवर आली आणि घाटाच्या मध्यावर तो उभाच राहिला. डोळे मिटलेले, ओठ लोंबलेला. जोडीला जुंपलेल्या दुसऱ्या बैलानं थोडी ओढाताण केली, मग त्यानंही मान टाकली. घोडी एकटीच निशाणापलीकडं गेली आणि मागं वळून बघते तर कुणीच नाही.

 हजारो माणसं दादाकडं बघत होती. वहिनी जीपचं हँडल धरून उभी. दादा खालून चालत आला. बैलासमोर उभा राहिला. त्याच्या कपाळावर हात ठेवला, स्वतःचे डोळे मिटले, श्वास घेतला, सोडला. आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग वर माझ्याकडं बघून साध्या आवाजात काहीतरी म्हणाला. त्याचा साधा आवाज माथ्यापर्यंत कसा पोचणार? माणसांनी एकमेकांना सांगत तो वर पोचवला, “आरं, आता तरी भिर्रर्र म्हन की, येड्या!”

मी म्हणालो. अख्खा घाट म्हणाला. बैलानं एक कान हलवला.

डॉक्टरांनी दादाला तिथंच जीपच्या बॉनेटवर टेकवून दंडाला पट्टा बांधला. काट्याकडं बघून ते वहिनीला म्हणाले, “घाटात, भर बारीत, हरल्यावर एवढाच आकडा म्हणजे लई झकास. गोळ्या चालू ठेवा. आणि ते तेलसुद्धा.”

शिनोलीच्या पावण्यांनी दावं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “वैनी, शबुद तुमीच परत घ्या. ह्यो साधू आमच्या दावनीला नगं. पर ते त्याल कंचं म्हनायचं? आमच्या म्हातारीला झोप न्हाई ओ.”

“आजींना आधी डॉक्टरांना दाखवा,” माझी बायको म्हणाली. “मग जुन्नरला माझ्याकडे आणा.”

वहिनी पुढं झाली. दादाच्या हातातून बैलाचं दावं तिनं आपल्या हातात घेतलं.

“चल घरी,” ती बैलाला म्हणाली. “लई जीव टांगनीला लावला व्हता. आता पुन्यांदा आसं करायचं न्हाई.”

“मला म्हनतीस का?” दादानं विचारलं.

“तुमाला कोन बोलतंय?” वहिनी म्हणाली. “मी बैलाशी बोलतीया.”